बेंबीनंतर थेट गुडघा

*ताई, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि मुलगा दहा महिन्यांचा. लेकीला आंघोळ घालताना आम्ही दोघी अवयवांची नावं म्हणतो. डोकं, कान, मान, काख, पोट, बेंबी, गुडघे, घोटे. गेल्या आठवड्यात बेंबी झाल्यावर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, मधलं राहिलं." मी म्हटलं, "ती शूची जागा." तर म्हणते, "जागा नको, नाव सांग." मला काही सुचलंच नाही, मी पाणी ओतून मोकळी झाले.*

*भावाकडे बोट दाखवून "हे काय? मला का नाही?" हेही चालू आहे. सासूबाई त्याच्या त्याला 'नुनू' म्हणतात आणि हिला मात्र 'शेम शेम, आधी चड्डी घाल'. माझ्या माहेरी 'चिमणी' म्हणायचे. नवरा म्हणतो, इंग्रजी शब्द शिकव, कानाला बरे वाटतात. 'योनी', 'शिश्न' हे शब्द मला फार पुस्तकी वाटतात, तोंडातून बाहेरच पडत नाहीत. बाकी जे मराठी शब्द आठवतात ते सगळे शिव्यांमधले. मागच्या महिन्यात तिला शू करताना आग होत होती. डॉक्टरांनी "नेमकं कुठे?" विचारलं, तर मी "खाली" एवढंच म्हणू शकले. कोणते शब्द शिकवू? इतक्या लहानपणी शिकवणं बरोबर आहे का? आणि ती चारचौघांत बोलून बसली तर?*
*– एक आई*

प्रिय मैत्रीण,

"जागा नको, नाव सांग." तुमचं पत्र मिटून ठेवल्यावरही हे वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यात होतं. साडेतीन वर्षांच्या मुलीनं नेमकं जिथे बोट ठेवायचं तिथे ठेवलं आहे. दीड-दोन वर्षांचं मूल "नाक कुठंय?" म्हटलं की नाकावर बोट ठेवतं. तेव्हापासून त्याच्या लेखी जगातल्या प्रत्येक गोष्टीला नाव असतं आणि आईला ते माहीत असतं. तुमच्या लेकीला घोट्याचंही नाव ठाऊक आहे. बेंबी आणि गुडघा यांच्या मध्ये मात्र नाव नसलेली एक मोकळी जागा आहे, आणि तिथे पोचलं की आईचा हात भराभर फिरतो, हेही तिच्या ध्यानात आलेलं आहे. म्हणजे तुम्ही तिला काहीच शिकवलं नाही असं झालेलं नाही. 'याबद्दल बोलायचं नसतं' एवढं ती शिकली. आता ते पुसायचं आहे आणि त्याला अजिबात उशीर झालेला नाही.

आधी सरळ उत्तर देते. लेकीसाठी योनी. मुलासाठी शिश्न, आणि त्याखालच्या पिशवीतल्या गोळ्यांना वृषण. मागे शीची जागा म्हणत असाल तर म्हणा, पण तिला गुदद्वार म्हणतात हेही कानावर पडू द्या. बसतो त्या भागाला कुल्ले म्हणा किंवा बूड म्हणा, दोन्ही चालतात, दोन्ही सगळ्यांना कळतात. हे आजपासून, पुढच्या आंघोळीपासून.

आता तुमचा खरा अडथळा. शब्द पुस्तकी वाटतात, तोंडातून निघत नाहीत. ही अडचण तुमच्या एकटीची नाही, आपल्या भाषेचीच आहे. या अवयवांसाठी मराठीत दोन फळ्या आहेत. एका फळीवर शिव्या, दुसरीवर संस्कृत. मधली फळी, जिथे 'कोपर', 'पोटरी', 'टाच' असे रोजच्या वापरातले साधे शब्द असतात, ती या बाबतीत रिकामी आहे. मग माणसं 'तिकडे', 'खाली', 'पुढची जागा' असं बोटानं दाखवत बोलतात, किंवा चिमण्यांना आणि शेंगांना कामाला लावतात.

ही मधली फळी भरायची कशी? शब्द वापरूनच. 'पाळी' या शब्दाचं बघा. एकेकाळी बायका 'अडचण आली' असं कुजबुजायच्या. आज 'पाळी आली आहे' हे कितीतरी घरांत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोललं जातं. शब्दात काही बदललं नाही, बोलणाऱ्यांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केला. 'गर्भपिशवी'चंही तसंच, वैद्यकातल्या गर्भाशयाला बायकांनी आपलीशी 'पिशवी' जोडली आणि तो घरचा शब्द झाला. 'योनी' आणि 'शिश्न' तुमच्या घरात वर्षभर बोलले गेले की तुमच्या मुलांसाठी ते कोपर-पोटरीच्या फळीवर जाऊन बसतील. तुम्हाला ते जड वाटतात, कारण तुम्ही ते पहिल्यांदा विज्ञानाच्या पुस्तकात आणि मान खाली घालून वाचले. तुमच्या लेकीनं ते अजून कुठेच वाचलेले नाहीत. तिला 'घोटा' जसा नवा होता तसाच 'योनी' नवा. 'शिश्न' म्हणताना जीभ अडखळेल, 'शिशन' म्हणेल, म्हणू दे. 'हेलिकॉप्टर' तरी कुठे पहिल्या दिवशी नीट म्हणता येतं?

योनीबद्दल थोडं बारकाईनं सांगायला हवं. शास्त्रात योनी म्हणजे आतला मार्ग. बाहेरून जो भाग दिसतो त्याला भग हा नेमका शब्द आहे. काही जण म्हणतात की अचूकच शिकवायचं तर भगच शिकवा. मला ते पटत नाही. तो शब्द आज कुणाच्या बोलण्यात नाही. मुलगी शाळेत 'भग दुखतंय' म्हणाली तर बाईंना कळणार नाही, आणि मग चिमणीची जी अडचण तीच याचीही. महिलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या काही जणी 'मायांग' असा छान शब्द वापरतात, पण तोही अजून घरोघरी पोचलेला नाही. तेव्हा सध्या सगळ्या भागाला योनी म्हणा. पाच-सहा वर्षांची झाली की तिला सांगा की तिथे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत. पुढे शूची, मध्ये योनीची, मागे शीची. कितीतरी मोठ्या बायकांनाही शूची आणि योनीची वाट वेगळी असते हे लग्नानंतर, कधी बाळंतपणात कळतं. तुमच्या मुलीला ते पहिली-दुसरीत कळलं तर बिघडलं काय?

मुलाच्या बाबतीत 'लिंग'पेक्षा मी 'शिश्न' सुचवते. 'लिंग' चूक नाही, सगळ्यांना कळतो. पण पुढे व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग येतं, फॉर्मवर 'लिंग : स्त्री/पुरुष' येतं, आणि मुलांचा गोंधळ होतो. तुमच्या घरात तोच शब्द सहज निघत असेल तर तोच वापरा, मी अडून बसणार नाही.

इंग्रजी शब्दांचं काय? तुमच्या नवऱ्याचं अगदीच चुकीचं नाही. 'पेनिस' आणि 'व्हजायना' हे खरे शब्द आहेत, सांकेतिक नाहीत, आणि नाव नसण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरे. पण ते 'कानाला बरे' का वाटतात याचा दोघांनी मिळून विचार करा. परक्या भाषेतला शब्द आपल्याला आतून लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. मुलांना हे कळतं हो. नाक मराठीत, कान मराठीत, पोट मराठीत आणि तेवढंच एक इंग्रजीत, म्हणजे तिथे काहीतरी वेगळं आहे. शिवाय घरात आजी आहे. लेक आजीजवळ असताना तिला काही दुखलं-खुपलं, तर तिचा शब्द आजीलाही कळला पाहिजे. माझ्या लेखी शब्दाची परीक्षा एवढीच आहे. मूल घराबाहेरच्या कुणाही मोठ्या माणसाला तो सांगू शकेल का आणि त्या माणसाला तो चटकन कळेल का?

'चिमणी' त्या परीक्षेत नापास होते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी पूर्वी बालवाडीत शिकवत होते. आमच्या वर्गाच्या भिंतीवर मुलांनी केलेल्या कागदी चिमण्या दोऱ्याला लावल्या होत्या. एक चार वर्षांची मुलगी सकाळी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, माझी चिमणी दुखते." मी तिची चिमणी खाली काढली, तिचा सुटलेला पंख डिंकानं चिकटवला आणि परत लावली. ती बघत उभी राहिली. खाऊच्या सुट्टीत पुन्हा आली, "चिमणी अजून दुखते." मी म्हटलं, "आता वाळेल हं." तिसऱ्यांदा ती आलीच नाही, कोपऱ्यात मांड्या घट्ट आवळून बसली. दुपारी आई न्यायला आली तेव्हा मला कळलं. तिला सकाळपासून शूला जळजळ होत होती आणि भीतीनं तिनं शू धरून ठेवली होती. त्या मुलीनं तिच्याकडे असलेला एकमेव शब्द वापरून मला दोनदा सांगितलं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तो डिंक लावलेला पंख मला अजून दिसतो.

म्हणून तुमच्या 'खाली' या उत्तरावर मी थोडी थांबते. लहान मुलीला 'खाली' त्रास होतो म्हणजे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. शू करतानाच आत जळजळ होत असेल तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे तो मुलग्यांपेक्षा मुलींना जास्त होतो. शी झाल्यावर पुढून मागे धुवायचं ते यासाठीच, आणि 'पुढून मागे' हे शिकवायलाही पुढच्या-मागच्या भागाला नाव लागतं. बाहेरची त्वचा लाल होऊन चुरचुरत असेल तर ते साबणामुळे किंवा ओल्या कपड्यामुळेही होतं. आणि रात्री झोपताना गुदद्वाराशी खाज सुटत असेल तर बहुधा जंत. तिन्हींची औषधं वेगळी. 'खाली'मध्ये तिन्ही एकत्र होतात.

मुलाच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा, तो अजून लहान असला तरी. वृषणाला आतल्या आत पीळ पडला तर अचानक जोराची कळ येते आणि साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. हे वयात येणाऱ्या मुलग्यांमध्ये जास्त दिसतं, पण लहानांनाही होतं. ज्या घरात त्या अवयवाचं नाव कधी घेतलेलंच नाही, तिथला मुलगा "पोटात दुखतंय" म्हणतो आणि पडून राहतो. कधी कधी कळ खरोखर पोटातही जाणवते, पण पुष्कळदा ती निव्वळ लाज असते. ते ६ तास त्या लाजेत जाऊ नयेत असं मला फार वाटतं. आणि अनुषंगानं एक, आंघोळ घालताना त्याच्या शिश्नाची पुढची त्वचा जोर लावून मागे ओढू नका. तान्ह्या बाळांची ती चिकटलेलीच असते, वाढत्या वयात आपोआप सुटते. बाहेरून धुतलं की झालं.

'नुनू'चं काय करायचं? काही नाही. सासूबाईंशी त्यावरून वाद घालू नका. घरात मुलाला आपण लाडानं बाळ्या म्हणतो, पण शाळेच्या हजेरीपटावर वेगळं नाव असतं, आणि मुलाला दोन्ही माहीत असतात. नुनू हे लाडाचं नाव, शिश्न हे हजेरीपटावरचं. दुसरं माहीत असलं की पहिलं राहिलं तरी हरकत नाही.

'शेम शेम'ला मात्र माझा ठाम विरोध आहे. ते नाव नाही, तो शेरा आहे. तुमच्या घरातली विभागणी तुम्हीच लिहिली आहे, पण तुमच्या नजरेतून सुटली असावी. मुलाच्या अवयवाला लाडाचं नाव, मुलीच्या अवयवाला लाज. साडेतीन वर्षांच्या मुलीला यातून काय कळत असेल ते तुम्ही जाणताच. 'चड्डी घाल' हे वाक्य तेवढंच पुरेसं आहे. सासूबाईंना एकांतात सांगा, त्यांच्यावर दोष न ठेवता. "आई, तिला चड्डी घाल म्हणा, ती घालेल, फक्त शेम शेम नको." त्यांनाही हे कुणीतरी असंच शिकवलेलं असणार.

'गुप्तांग' हा शब्दही मी मुलांसाठी वापरत नाही. गुप्तहेर, गुप्तधन, गुप्तांग. जे गुप्त ते सांगायचं नाही, असंच मूल समजणार. ही केवळ आपली खोड नाही. या अवयवांसाठी वैद्यकातला जुना लॅटिन शब्द 'पुडेंडम', त्याच्या मुळाशीही लाजणे हाच अर्थ आहे, आणि तिथल्या एका नसेला डॉक्टर आजही 'पुडेंडल नर्व्ह' म्हणतात. मुलांना 'खासगी' म्हणा. न्हाणीघराचं दार आपण लावून घेतो, पण न्हाणीघर आहे हे कुणापासून लपवत नाही. तसंच हे. चड्डीतले अवयव खासगी आहेत. ते धुवायला किंवा औषध लावायला आई-बाबा, आजी मदत करतील, आई-बाबा जवळ असताना डॉक्टर तपासतील. याखेरीज कुणी हात लावला, बघायला मागितलं, स्वतःचे दाखवले, किंवा 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं, तर ते आईला सांगायचं. कोणीही असो. आणि सांगितल्यावर आई रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा सांगा. शब्द माहीत असले म्हणजे मूल सुरक्षित झालं असं मी म्हणणार नाही, राखण करणं मोठ्यांचंच काम आहे. पण घडलेलं सांगायला मुलाकडे शब्द असतील आणि ऐकणाऱ्याला ते कळतील, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि 'घाण'. हात खाली गेला की "घाण, हात काढ" असं आपण सहज बोलून जातो. घाण शी आहे, जागा नव्हे. शेंबूड पुसतो म्हणून आपण नाकाला घाण म्हणत नाही. या वयाची मुलं स्वतःला हात लावून बघतात, ते कुतूहल आहे. "हात लावायचा असेल तर आपल्या खोलीत, सगळ्यांसमोर नाही, आणि नंतर हात धू," एवढं पुरे.

इतक्या लहानपणी कशाला, हा तुमचा प्रश्न मी समजू शकते. पण नाव सांगणं म्हणजे मोठ्यांच्या जगातलं काही सांगणं नव्हे. त्या शब्दाभोवती जे सगळं चिकटलेलं आहे ते तुमच्या मनात आहे, तिच्या नाही. युनेस्कोनं २०१८ मध्ये सुधारून काढलेल्या लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शिकेत ५ ते ८ या वयोगटासाठीच, प्रजननाच्या अवयवांसकट आपल्या शरीराची नावं आणि कामं माहीत असावीत असं म्हटलं आहे, आणि ते शाळेपुरतं. घरी ही सुरुवात त्याआधी, नाक-डोळ्यांबरोबरच होते.

भावाबद्दल ती "मला का नाही?" विचारते तेव्हा 'तुला नसतं' हे उत्तर देऊ नका. तिला काही कमी आहे असं त्यातून ऐकू येतं. "त्याला शिश्न आहे, तुला योनी आहे," एवढं म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर तिचं समाधान होतं आणि ती साबणाच्या फेसाकडे वळते. अजून विचारलं तर अजून सांगा, विचारेल तेवढंच.

चारचौघांत बोलेल का? बोलेल. नवा शब्द मिळाला की मुलं तो सगळ्यांना दाखवतात. पाहुण्यांसमोर "भावाला शिश्न आहे!" असं जाहीर करेल. त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते तिच्या लक्षात राहील. दटावू नका, हसू नका, इतरांनाही हसू देऊ नका. "हो, बरोबर. याबद्दल आपण घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलतो," असं म्हणून पुढचा विषय काढा. दोन-चारदा झालं की तीही विसरेल.

आता तोंडातून शब्द निघण्याचं. हे मी खरंच सांगते आहे, आजच रात्री न्हाणीघरात एकट्या असताना आरशात बघून मोठ्यानं म्हणा. योनी. शिश्न. वृषण. पहिल्या वेळी आवाज खाली जाईल, घशात अडकेल. दहाव्यांदा नाही अडकणार. नवऱ्यालाही म्हणायला लावा, मुलाला आंघोळ घालायची त्याची पाळी येणारच आहे. मग लेकीच्या आंघोळीत धडा घेतल्यासारखं काही करू नका. नेहमीच्याच लयीत, हाताचा वेग न बदलता, पोट, बेंबी, योनी, मांड्या, गुडघे. तिनं थांबवून विचारलं तर म्हणा, "परवा तू विचारलं होतंस ना, मधलं राहिलं म्हणून? त्याचं नाव योनी. मला पटकन सांगता आलं नव्हतं."

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी "नेमकं कुठे?" विचारलं, की तुम्ही थोडं थांबा. तिच्याकडे बघा आणि तिला सांगू द्या.

तुमची,
ताई